चौकट कोण आखणार? पिक्सेल आर्टची हत्यारं आणि कामाची रीत

आजचा विषय जाहीर झाल्यावर जे प्रश्न आले, ते बहुतेक एकाच वळणाचे आहेत. पिक्सेल आर्ट शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पेनवाला टॅब्लेट लागेलच का? फोनवर जमेल का? या प्रश्नांना मी उत्तरं देणार आहे, अगदी नावं घेऊन देणार आहे. पण थोडं थांबावं लागेल. कारण हत्यार निवडताना आपण बघतो की ते काय काय करू शकतं. माझ्या मते बघायला हवं ते वेगळंच आहे: माझे कोणते निर्णय ते माझ्या हातात ठेवतं, आणि कोणते परस्पर घेऊन टाकतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चौकोन चौकोन दिसणारं कुठलंही चित्र म्हणजे पिक्सेल आर्ट, असं आता सरसकट मानलं जातं. एखादा फोटो घ्या, तो ६४ ठिपके रुंदीचा करा, रंग कमी करून १६वर आणा. चौकोन दिसतील. पण त्या चेहऱ्याचा डोळा बघा. डोळ्यातली चमक दोन चौकोनांच्या सीमेवर पडली, तर यंत्राने दोन्हीकडे थोडी थोडी वाटून दिली, आणि हाती आले दोन करडे ठिपके. चमक गेली. यंत्राने सरासरी काढली, आणि सरासरी काढणं हे चित्र काढणं नाही. माणूस तिथे बसला असता तर म्हणाला असता, चमक डावीकडच्या चौकोनात टाकू, उजवा काळाच ठेवू, डोळा अर्धा ठिपका सरकला तरी चालेल. एवढ्या लहान चित्रात अर्धा ठिपका सरकवणं ही लहान गोष्ट नव्हे, बरं का.

हल्ली मजकूर लिहून चित्र तयार करून देणारी यंत्रं आहेत. त्यांचं ‘पिक्सेल आर्ट’ लांबून फारच देखणं दिसतं. जवळ जाऊन बघा. पुष्कळदा चौकोन एकाच जाळीवर बसलेले नसतात, एक मोठा तर एक लहान, आणि रंग मोजायला गेलात तर शेकड्यांनी निघतात. त्यावर आज वेळ घालवत नाही. मुद्दा लक्षात आला असेल.

आता पडद्यावर बघा. हा हसणारा लहानसा संगणक बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल. हा सुझन केअर यांचा. १९८३ साली त्या अॅपलमध्ये आल्या. मॅकिंटॉश अजून बाजारात यायचा होता, तो आला जानेवारी १९८४मध्ये. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, आणि रंग दोनच, काळा आणि पांढरा. करडासुद्धा नाही. त्यांचा शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड तिथे सॉफ्टवेअर लिहीत होता. त्याने सुचवलं, की मिळेल तितक्या बारीक चौकटींचा ग्राफ पेपर आण आणि ३२ बाय ३२ची जागा आखून घे. म्हणजे पहिलं हत्यार कागद आणि पेन्सिल. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर हर्ट्झफेल्डने नंतर लिहून दिलं. ती ग्राफ पेपरवरची कच्ची चित्रं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

केअर यांनी सांगितलंय की त्यांनी आधी मोझेइक केलं होतं, सुईकाम केलं होतं, आणि हे काम त्यांना त्याच जातीचं वाटलं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात मॅटीच्या कापडावरचं क्रॉस-स्टिच आहे, रुखवतातला मोर म्हणा, राधाकृष्ण म्हणा, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कापडाची वीण हीच जाळी. एक फुली एक चौकोन. मोराची मान गोल काढायची असेल तर टाके मोजूनच गोल करावी लागते. आणि एक टाका चुकला की तो उसवावा लागतो.

आता या हसऱ्या चेहऱ्याची जरा चिरफाड करू. एकूण जागा १,०२४ चौकोनांची. त्यातले बहुतेक रिकामे आहेत. बाहेर यंत्राची चौकट, आत पडद्याची चौकट, खाली उजवीकडे फ्लॉपीची खाच. चेहरा म्हणाल तर दोन छोट्या उभ्या रेघांचे डोळे, एक हसू, आणि मध्ये नाक. नाक बघा: एक उभी रेघ, आणि तळाशी ती एका बाजूला वळते. बस. ते वळण नसतं तर ती नुसती रेघ राहिली असती. त्या एका वळणामुळे ते नाक झालं, चेहऱ्याला किंचित बाजू मिळाली. हे मला फार मोठं वाटतं. जागा इतकी कमी असताना नाक काढायचंच नाही हा सोपा मार्ग होता. बाकी हजारो ‘स्मायली’ त्याच मार्गाने गेले. केअर यांनी यंत्राची खाच आणि चेहऱ्याचं नाक दोन्ही ठेवलं, म्हणून ते यंत्रही राहिलं आणि कोणीतरी माणूसही झालं.

इथे जाळी कोणी आखली? यंत्राने. रंग कोणी ठरवले? यंत्राने. केअर यांच्यापुढे फक्त एकच प्रश्न १,०२४ वेळा होता: हा चौकोन भरू की रिकामा ठेवू? मला वाटतं त्या काळच्या कामाची ताकद इथून येते. बंधन फुकट मिळत होतं. आज आपल्या हातात १.६ कोटी रंग आणि हवा तेवढा मोठा कागद आहे. बंधन मिळत नाही, ते स्वतः घालून घ्यावं लागतं. चांगलं हत्यार ते, जे आपण घालून घेतलेलं बंधन आपल्याला मोडू देत नाही.

दुसरं उदाहरण अगदी उलट्या टोकाचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, १९८९, अॅपल टू या संगणकासाठी, जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला खेळ. त्यातला राजपुत्र धावतो, कठड्याला लटकतो, तोल सावरतो, आणि आजही तो बघताना जीव खालीवर होतो. हे कसं केलं? त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ काढला. आता व्हिडिओ संगणकात घालायचा कसा? सरळ रस्ता नव्हता. मग त्याने टीव्हीवर टेप थांबवून एकेक चित्राचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फिल्म धुऊन आणली. फोटोंवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती ठसठशीत केली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती. मग ती संगणकात उतरवली, आणि त्यानंतर एकेक ठिपका हाताने नीट केला. तलवारबाजीसाठी १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातलं एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांचं द्वंद्व घेतलं.

केवढा हा उपद्व्याप! आज कुणी म्हणेल, ही तर नक्कल झाली, आणि आत्ताच तुम्ही फोटो लहान करण्याला नावं ठेवलीत. रास्त आक्षेप आहे. फरक मार्करमध्ये आहे. मार्करने काळं करताना मेकनर ठरवत होता की हाताची ही कडा हवी, शर्टाची ती घडी नको. यंत्राकडे जाण्याआधीच निवड झाली होती. आणि तपशील कुठे खर्च करायचा तेही त्याने ठरवलं होतं: राजपुत्राच्या चेहऱ्यावर जवळपास काही नाही. सगळं भांडवल हालचालीत. थांबताना पाय घसटतात, वळताना वजन मागे जातं. चेहरा मोकळा सोडल्यामुळेच आपली नजर खांद्यावर आणि गुडघ्यावर जाते.

त्याच खेळातली आणखी एक गंमत. पुढे त्याला राजपुत्राचा शत्रू हवा होता, पण मेमरीत नव्या आकृतीला जागा नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं एका बिटने सरकवून स्वतःवरच ताडून घेतली, जिथे दोन्ही सारखे तिथे काळं, जिथे वेगळे तिथे पांढरं. त्यातून झिरमिळणारी एक सावली निघाली. ती आरशातून बाहेर येते आणि राजपुत्राशी लढते. मेमरी भरपूर असती तर कदाचित आणखी एक पगडीवाला शिपाई आला असता, आणि कथा तेवढ्यापुरती गरीब झाली असती.

आता रंगाकडे येऊ, कारण सॉफ्टवेअर निवडताना खरी मेख रंगात आहे. १९८५मध्ये अमिगा संगणकासाठी डॅन सिल्वा यांनी लिहिलेलं ‘डीलक्स पेंट’ आलं. त्यात ४,०९६ रंगांतून ३२ निवडायचे. चित्रातला प्रत्येक ठिपका ‘मी निळा’ असं म्हणत नाही, तो म्हणतो ‘मी सात नंबर’. सात नंबरच्या खणात आज निळा आहे. तो बदलून जांभळा केला, की चित्रातले सगळे सात नंबर जांभळे. याला इंडेक्स्ड रंग म्हणतात. आणि खणांतले रंग क्रमाने फिरवत ठेवले, तर एकही ठिपका न हलवता धबधबा वाहतो, पाऊस पडतो. मार्क फेरारी या चित्रकाराने हे तंत्र इतकं पुढे नेलं, की २५६ रंगांच्या त्यांच्या निसर्गचित्रांत तोच देखावा नुसते खण बदलून पहाटेचा संध्याकाळचा होतो. ती चित्रं जरूर शोधून बघा. त्याआधी १९९०च्या ‘लूम’मध्ये तर त्यांच्याकडे १६च रंग होते, तेही ठरलेले आणि भडक. त्यांनी दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे शेजारी शेजारी मांडून सांजवेळेचे निळे तयार केले.

माझं स्पष्ट मत आहे की पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स्ड रंगाची सोय असलीच पाहिजे. ती नसेल तर चित्रात हळूहळू रंग साचतात. हा तपकिरी जरासा वेगळा, तो जरासा वेगळा, आणि शेवटी ४० रंग होतात. त्यातले ३० तुम्ही निवडलेले नसतात, नुसते झालेले असतात.

तर आता नावं. असेप्राइट हे आज सर्वांत जास्त वापरलं जातं, डेव्हिड कापेलो यांनी २००१मध्ये सुरू केलेलं. विकत आहे. त्याचा सोर्स कोड मात्र उघडा आहे, खटपट येत असेल तर स्वतःपुरतं फुकट तयार करून घेता येतं. जुन्या मुक्त परवान्याच्या कोडमधून निघालेलं लिब्रेस्प्राइट पूर्ण फुकट आहे. पिक्सेलोरामा फुकट आणि चांगलं. ग्राफएक्स-टू हे डीलक्स पेंटच्या घराण्यातलं, दिसायला ओबडधोबड, पण रंगांच्या खणांबाबत काटेकोर, मला आवडतं. पिस्केल ब्राउझरमध्येच चालतं, शाळेतल्या मुलांना द्यायला उत्तम. फोटोशॉपवर होतं का? होतं, पण आधी अर्धा तास त्याच्या सवयी मोडण्यात जातो: ब्रशऐवजी पेन्सिल, कडा मऊ करणं बंद, लहानमोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’.

आणि नावांचं फार मनावर घेऊ नका. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६चा खेळ एरिक बॅरोन यांनी एकट्याने केला, चार वर्षांहून जास्त काळ. चित्रं काढायला पेंट डॉट नेट हे साधं, फुकट सॉफ्टवेअर वापरलं. त्यातले चेहरे त्यांनी पुन्हा पुन्हा काढले. पहिले आणि शेवटचे शेजारी ठेवून बघितलेत तर सॉफ्टवेअर बदललं असेल असं वाटेल.

मात्र असेप्राइटमधल्या दोन सोयींबद्दल सावध करते. एक म्हणजे ‘पिक्सेल परफेक्ट’ रेघ. हाताने रेघ ओढताना कोपऱ्यावर जो जास्तीचा ठिपका पडतो, तो ती आपोआप काढून टाकते. कच्च्या चित्राला छान. पण गुडघा, कोपर, छपराची वळचण, इथे तो कोपऱ्यातला ठिपका हवा असतो. तो सगळीकडून गेला की सगळ्या आकृत्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत दिसतात. दुसरी सोय फिरवण्याची. तलवार ३० अंशांत फिरवून द्या म्हटलं तर ते देतं, आणि बरंच बरं देतं. तरीही ती तलवार पुन्हा हाताने काढा. रेघेच्या पायऱ्या मोजा. २, २, २, २ अशा पडत असतील तर रेघ सरळ. १, १, २, ३, ५ पडत असतील तर छान वळण. ३, १, २, ३, १ पडल्या की रेघ दातरी. सॉफ्टवेअर पायऱ्या मोजत नाही, तुम्हीच मोजायच्या.

कामाची रीत म्हणाल तर मी आकारापासून सुरू करते, म्हणजे चित्र शेवटी कुठे दिसणार इथून. ‘सेलेस्ट’ हा २०१८चा खेळ ३२० बाय १८० ठिपक्यांत रचलाय. सहापट केला की बरोबर १९२० बाय १०८०. पूर्ण पटीत वाढवलं तर प्रत्येक चौकोन चौकोनच राहतो. साडेतीनपट केलं की काही ठिपके तीनचे, काही चारचे, आणि केलेली सगळी मोजमापं पाण्यात. मग एका रंगात नुसती आकृती. ती ओळखू येत नसेल तर रंग भरून ओळखू येणार नाही. मग तीन-चार रंग. हे सगळं करताना शेजारी खऱ्या आकारातली खिडकी उघडी हवीच, कारण आठशे टक्के मोठं करून बघताना सगळंच सुंदर दिसतं. काम झाल्यावर पीएनजी करा, जेपीजी नको. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तुमच्या ठिपक्यांची खिचडी होऊन पोचेल. (हशा)

स्वतः घातलेलं बंधन कधी मोडायचं? ‘शोव्हल नाइट’ या २०१४च्या खेळाच्या मंडळींनी जुन्या निन्टेंडोचे रंग घेतले, पण त्यांना काही छटा कमी पडल्या तेव्हा मोजून थोडेच रंग बाहेरून आणले, आणि कुठे कुठे नियम मोडला ते जाहीर लिहिलं. असं हिशेब ठेवून मोडलेलं चालतं.

आता आपल्या दारातला प्रश्न. केअर यांनी त्याच यंत्रासाठी फॉन्टही काढले. त्यातला ‘शिकागो’ मुख्यतः आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषांवर उभा आहे, म्हणून ठिपक्यांतही स्वच्छ दिसतो. रोमन लिपीला हे परवडतं. देवनागरी गोल आहे, आणि तिन्ही मजल्यांवर राहते. मराठीत छोटे खेळ करणारे बरेच जण रोमनचा आठ ओळींचा साचा घेतात आणि त्यात मराठी कोंबतात. हिशेब करून बघा. ‘पूर्ती’ शब्द घ्या. वर वेलांटी आणि रफार, त्याला किमान तीन ओळी. शिरोरेषा एक. खाली ऊकाराला दोन. सहा गेल्या. अक्षराच्या अंगाला उरल्या दोन. त्यात ‘प’ आणि ‘ष’ वेगळे कसे दाखवणार? ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ दिसायला पोट आतून तीन बाय तीन तरी हवं.

म्हणून देवनागरीसाठी मी १६ ओळी धरते: वर चार, शिरोरेषेला एक, अंगाला सात, खाली चार. स्टेशनवरच्या इंडिकेटरवर मराठी नावं सरकताना बघा, जिथे वाचायला त्रास होतो तिथे बहुधा वरचा नाहीतर खालचा मजला कापलेला असतो.

त्याहून नाजूक गोष्ट शिरोरेषेची. सोय म्हणून काही जण आधी संपूर्ण ओळभर शिरोरेषा ओढतात आणि खाली अक्षरं लटकवतात. दिसतं नीटनेटकं. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतल्या फटीत आहे. फट बुजली की ‘धार’ची ‘घार’ होते. आणि खेळातला ‘भाऊ’ होतो ‘माऊ’. (हशा) हसू नका, एका ठिपक्याचा प्रश्न आहे. आणि हे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही, कारण ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या लिपीत ही फट नाही.

टॅब्लेटचं राहिलं. ३२ बाय ३२च्या चित्राला साधा माउस पुरतो. मोठ्या पार्श्वभूमीवर काम करायला लागलात की पेनचा उपयोग होतो, तोवर पैसे ठेवून द्या. फोनवर बोटाखाली दहा चौकोन झाकले जातात, ही खरी अडचण. काही अॅपमध्ये बोटाने कर्सर सरकवून वेगळ्या बटणाने ठिपका भरायची सोय असते, ते अॅप घ्या. आणि काहीच नसेल तर ग्राफ पेपरची वही आहेच.

ज्यांना आजच करून बघायचंय, त्यांनी ‘भाऊ’ एवढा एकच शब्द १६ ओळींत काढा, दोन रंगांत. खऱ्या आकारात पडद्यावर ठेवा आणि दोन हातांवरून घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा. माऊ म्हणाले, तर फट एका ठिपक्याने वाढवा आणि पुन्हा विचारा.